पडद्यावरचा दारुडा

जिवती तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या पटांगणात मुलांना चित्रपट दाखवीत होते. पडद्यावर एक दारुडा झोकांड्या खात आला आणि सगळी पोरे खदखदून हसली. एक मुलगा मात्र मान खाली घालून बसला होता. त्याच्या घरची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. झोकांड्या सर्वांनाच दिसतात. पण व्यसनी माणसाच्या आत काय चालते, ते चित्रपटाने कधी दाखवले काय?

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकराने प्रेक्षकांना रडवले, ते शब्दांच्या बळावर. १९३९ साली अत्रे यांनी लिहिलेला व मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रँडीची बाटली' आला. दामुअण्णा मालवणकरांचा भाबडा बगाराम, ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसताना, ती शोधत हिंडतो. विनोद बहारीचा, पण तो व्यसनाच्या आत शिरत नाही, आणि शिरण्याचे त्याला कारणही नव्हते.

आत शिरायला चित्रपटाजवळ दोन साधने आहेत. एक संकलन, म्हणजे चित्रफितीचे तुकडे कापून जोडणे, दुसरे ध्वनी. प्रमथेश बरुआ यांच्या १९३५ च्या 'देवदास'मध्ये दारूने खंगलेला देवदास आगगाडीत तापाने ओरडतो आणि लगेच दूर आपल्या घरी पार्वती अडखळून पडते. दोन गावांतले तुकडे शेजारी आले, आणि न बोलता त्याचे तळमळणे आपल्याला कळले.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. बिली वाइल्डर यांच्या १९४५ च्या 'द लॉस्ट वीकएंड'चा नायक संगीतनाटक पाहायला बसतो. रंगमंचावर मद्याचे प्याले उंचावतात. त्याला मात्र तिथे कोट झुलताना दिसतात, कारण त्याची बाटली बाहेर ठेवलेल्या कोटाच्या खिशात आहे! संगीतकार मिक्लोश रोझा यांनी तलफेसाठी थेरेमिन वापरले. हे विजेवर चालणारे वाद्य हात न लावता वाजते. त्याचा कापरा, रडवा सूर ऐकून हसू येत नाही.

डॅरन ॲरोनॉफ्स्की यांच्या २००० सालच्या 'रिक्विम फॉर अ ड्रीम'मध्ये नशेचा क्षण इवल्या तुकड्यांत येतो. डोळ्याची बाहुली विस्फारते, प्रत्येक तुकड्याबरोबर एक ठसठशीत आवाज. पहिल्यांदा मौज वाटते. तेच तुकडे पुनःपुन्हा आले, की मौज आटते आणि नुसती सक्ती उरते. बारीक होण्याच्या गोळ्या खाणाऱ्या आईलाही हीच रीत लागू होते. मग तिचा फ्रिजसुद्धा गुरगुरू लागतो. हा चित्रपट मुलांसाठी नव्हे. पण शिक्षकांनी पाहावा असा आहे.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली नि २०२१ मध्ये उठली. कायदा दुकानाला कुलूप लावू शकतो. तलफेला कुलूप लावता येत नाही. ती आधी समजून घ्यावी लागते.

म्हणून गुरुजनहो, शाळेत असा चित्रपट दाखवलात तर शेवटी मुलांना एवढेच विचारा : आपण त्या माणसाला बाहेरून पाहिले, की त्याच्या कानांनी ऐकले? मान खाली घालून बसलेल्या एखाद्या पोराला त्या दिवशी कदाचित मान वर करता येईल.