अनंतशास्त्र्यांची लेक

भगिनींनो, पंडिता रमाबाईंचे नाव आपणा सर्वजणींना ठाऊक आहे. शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन, विधवांसाठी त्यांनी खाल्लेल्या खस्ता, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यांच्या वडिलांविषयी लिहिणार आहे. मी काही विदुषी नव्हे. दुपारच्या वेळी जे वाचले ते आपल्यापुढे ठेवते.

सन १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले होते. पुण्यात त्यांच्यापुढे रमाबाईंची साक्ष झाली. तेव्हा त्यांचे वय २४. पती त्याच वर्षी वारलेले, पदरी वर्षा-दीड वर्षाची मुलगी. आपल्याला बोलण्याचा अधिकार काय, हे सांगताना त्यांनी पदवीचा आधार घेतला नाही. स्त्रियांना शिकवावे असे म्हटल्याबद्दल ज्या माणसाला फार सोसावे लागले, त्याची मी मुलगी आहे. म्हणून हे काम जन्मभर चालविणे माझे कर्तव्य आहे, अशा अर्थाचे त्या बोलल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. पण कमिशनपुढे ती उभी राहिली ती अमक्याची लेक म्हणून.

हे अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडच्या माळहेरंजीचे. तरुणपणी विद्येसाठी पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकू लागले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. वाड्यात एका स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकले आणि या तरुणाच्या मनाने घेतले की आपणही आपल्या बायकोला शिकवायचे. घरी गेल्यावर प्रयत्न केला, पण वडीलमंडळींना ते रुचले नाही आणि बेत तसाच राहिला. पुढे ती पत्नी वारली. यात्रेहून परतताना पैठणला गोदाकाठी त्यांनी दुसरे लग्न केले. वर ४४ वर्षांचा, वधू ९ वर्षांची! आज वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी असे सर्रास होत होते हे खरे, तरी काटा येतो तो येतोच. मात्र या मुलीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी खरोखरच शिकविले.

मग गावात बोभाटा झाला. शास्त्रीबोवा बायकोला संस्कृत शिकवतात, ही तक्रार उडुपीच्या पंडितांपर्यंत गेली आणि त्यांना जाब देण्यास बोलावणे आले. त्यांनी ग्रंथांतले आधार काढून दाखविले की वेद वगळता स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे कोठे नाही. त्यांना वाळीत टाकता आले नाही. तरी वेगळे राहणे त्यांनी पत्करले व सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे बिऱ्हाड केले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. वाघाची डरकाळी ऐकू येत होती. लक्ष्मीबाई पासोडी पांघरून जमिनीवर निजल्या आणि शास्त्रीबोवा पहाटेपर्यंत राखण करीत बसले. त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंब यात्रेला निघाले, तेव्हा वेताच्या पेटाऱ्यात घालून गड्याने डोक्यावरून त्यांना नेले.

रमाबाई शिकण्याजोग्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून शिकविणे आईकडे आले. दिवसभर घरकाम असे. तेव्हा पहाटे, पाखरे बोलू लागण्याच्या वेळी आई मुलीला हलवून उठवी आणि पाठ घेई. पहाटे मूल उठवायचे म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नकोच. रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत छापलेले आपले इंग्रजी पुस्तक आईच्या स्मृतीस अर्पण केले, ते योग्यच झाले. पण त्या आईच्या हाती पोथी दिली ती शास्त्रीबोवांनी.

मला विशेष वाटते ते असे, की रमाबाईंनी वडिलांचे गुण सांगितले आणि चुकाही झाकल्या नाहीत. थोरल्या कृष्णाबाईचे लग्न रीतीप्रमाणे लहानपणीच केले आणि ते सुखाचे झाले नाही. तो धडा घेऊन शास्त्रीबोवांनी धाकटीला अविवाहित ठेवले, जननिंदा सोसली. दुसरी चूक याहून मोठी. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगून जे मिळे त्यातले पुष्कळ दानधर्मात जाई. मुलांना पोट भरण्याजोगी विद्या मात्र दिली नाही. इंग्रजी तर वर्ज्यच. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा एवढे शास्त्र जाणणारे कुटुंब पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढू लागले. मजुरी करावी तर सवय नाही, भीक मागावी तर लाज. हे रमाबाईंनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. माझी शाळा सातवीला संपली, कारण पुढे शाळा नव्हती. वडिलांनी दुसऱ्या गावी ठेवायला हवे होते असे मला अजून वाटते, तरी त्यांच्यावरची माया कमी झालेली नाही. म्हणून रमाबाईंचे हे लिहिणे मला जवळचे वाटते.

शास्त्रीबोवा १८७४ साली तिरुपतीकडच्या रानात गेले. शेवटी धाकट्या लेकीला जवळ घेऊन, तू माझी सर्वांत लाडकी, तुला मी देवाच्या हाती दिले आहे, त्याचीच सेवा कर, असे काहीसे ते म्हणाले. थोड्याच दिवसांत आई गेली. तिला उचलायला दोन माणसे मिळाली, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथे कोणी नाही; तेव्हा रमाबाईंनी स्वतः खांदा दिला. उंची कमी, म्हणून भार डोक्यावर घ्यावा लागला. मग बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे देशभर पायी हिंडत कलकत्त्यास पोचली.

१८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला. यावर आपल्याकडे केवढे वादळ उठले! आजही कोणी यावर दोन मते देतील. ज्याचा त्याचा विचार. पण वडिलांचा धर्म सोडला म्हणून वडील सोडले असे झाले नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९०७ साली त्यांनी आपली हकीकत लिहिली. तीत वडील कट्टर सनातनी होते हे सांगितले आणि त्याबरोबर ते आपल्या परीने सुधारकही होते हे सांगितले. मरतेसमयीचे त्यांचे शब्दही तीतच लिहिले. त्या शब्दांचा अर्थ त्यांनी आपल्या नव्या श्रद्धेप्रमाणे लावला, पण शब्द वडिलांचे म्हणून जपले.

पुढे उतारवयात केडगावी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायचे, तेही साध्या बायकांना समजेल अशा मराठीत, असा त्यांचा निर्धार होता. १९२१ साली मनोरमा, त्यांची एकुलती लेक, वारली. तरीही हातातले काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा ते भाषांतर नुकतेच पुरे झाले होते.