ॲक्वामॅनच्याही दोन वर्षं आधी आलेला नेमॉर, जो न्यूयॉर्क बुडवायला निघाला होता

२०२२ मध्ये 'ब्लॅक पँथर: वकांडा फॉरेव्हर' आला आणि घोट्यांना पंख असलेला नेमॉर पडद्यावर दिसला. लगेच कमेंट्समध्ये सुरू झालं, "हा तर ॲक्वामॅनची कॉपी." आता तारखाच बघू. डीसीचा ॲक्वामॅन पहिल्यांदा छापला गेला १९४१ च्या शेवटी. नेमॉर आला १९३९ मध्ये. त्यामुळे कॉपीचा आरोप करायचाच असेल, तर तो उलट्या दिशेने करावा लागेल.

पण नेमॉरची खरी गंमत तो आधी आला यात नाही. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, बॅटमॅन १९३९ मध्ये. दोघंही लोकांना वाचवत होते. त्याच काळात बावीस वर्षांच्या एका चित्रकाराने असा हिरो काढला, जो पहिल्याच गोष्टीत माणसं मारतो आणि त्याला त्याचा पश्चात्तापही होत नाही.

या चित्रकाराचं नाव बिल एव्हरेट. तो 'फनीज इंक' नावाच्या स्टुडिओत काम करायचा. हा स्टुडिओ कॉमिक्स तयार करून प्रकाशकांना विकायचा. त्यांची एक कल्पना होती, की थिएटरमध्ये सिनेमा बघायला येणाऱ्यांना एक छोटं कॉमिक फुकट वाटायचं. त्यासाठी एव्हरेटने आठ पानांची गोष्ट काढली. योजना बारगळली आणि अंक वाटलेच गेले नाहीत. त्याचे नमुना अंक १९७४ मध्ये सापडले, तेव्हा कुठे लोकांना कळलं की नेमॉरचा जन्म या कागदांवर झाला होता.

गोष्ट मात्र वाया गेली नाही. मार्टिन गुडमन नावाच्या मासिकवाल्याला कॉमिक्सच्या धंद्यात उतरायचं होतं. त्याने फनीज इंककडून मजकूर घेतला, एव्हरेटने आठ पानांची बारा केली आणि ऑक्टोबर १९३९ ही तारीख असलेला 'मार्व्हल कॉमिक्स'चा पहिला अंक बाजारात आला. किंमत दहा सेंट. आठव्या पानाच्या शेवटी 'पुढच्या आठवड्यात' असं लिहायला केलेली चौकट नव्या छपाईतही तशीच राहिली, फक्त आतली अक्षरं गायब. गुडमनच्या कंपनीचं नाव तेव्हा 'टाइमली' होतं. मार्व्हल हे नाव कंपनीला मिळालं ते खूप नंतर.

नाव कुठून आलं? 'रोमन' या शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून बघा, नेमॉर तयार होतो. इतकं सोपं!

आता तो चिडलेला का, ते बघू. लिओनार्ड मॅकेन्झी नावाचा अमेरिकन कॅप्टन जहाज घेऊन अंटार्क्टिकाच्या बर्फात जातो. बर्फ फोडायला स्फोट करतो. त्या बर्फाखाली एक अख्खं राज्य आहे, हे त्याला ठाऊक नसतं. तिथली माणसं मरायला लागतात. वर काय चाललंय हे बघायला राजकन्या फेनला पाठवलं जातं. ती कॅप्टनच्या प्रेमात पडते आणि त्यातून नेमॉर जन्मतो. आईमुळे पाण्यात श्वास घेतो, वडिलांमुळे जमिनीवरही जगतो. (घोट्यांचे पंख मात्र ना आईकडचे, ना वडिलांकडचे.) आई त्याला लहानपणापासून एकच सांगत आलेली असते, आपल्या लोकांचा बदला घ्यायचा. म्हणजे अमेरिकन वाचकासाठी लिहिलेल्या गोष्टीत अमेरिकन जहाजच दोषी होतं आणि हिरो त्याच जहाजाच्या कॅप्टनचा मुलगा. १९३९ मध्ये हे छापणं साधी गोष्ट नव्हती.

त्याच मासिकात कार्ल बर्गोसचा 'ह्यूमन टॉर्च' यायचा. हा कृत्रिम माणूस पेट घ्यायचा आणि पुढे पोलिसांत भरती झाला. एक पाण्याचा, एक आगीचा. मग दोघांना भिडवायचं ठरलं. १९४० मध्ये आठव्या अंकात नेमॉर न्यूयॉर्कवर तुटून पडतो, टॉर्च त्याच्या मागे लागतो, आणि तीच मारामारी एकाच अंकात दोघांच्या बाजूने दोनदा सांगितलेली आहे. नवव्या अंकातही हाणामारी सुरूच. दहाव्यात सगळं एका पानात मिटतं, कारण बेटी डीन नावाची महिला पोलीस दोघांना समजावते. इतक्या तयारीनंतर एक पान! आज असा शेवट झाला असता, तर ट्विटरवर दोन दिवस शिव्या पडल्या असत्या. तरीही दोन वेगवेगळ्या गोष्टींतले हिरो एकाच शहरात राहतात आणि एकमेकांच्या आड येतात, ही कल्पना इथे पक्की झाली. मार्व्हलचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. १९४१ मध्ये ते पुन्हा भिडले, तेव्हा तर नेमॉरने प्रचंड लाट आणून न्यूयॉर्क पाण्याखाली घातलं.

मग असा माणूस लोकप्रिय कसा राहिला? उत्तर आहे हिटलर. युद्धामुळे त्याच्या रागाला सगळ्यांना चालेल असा शत्रू मिळाला. १९४० मध्येच तो मुखपृष्ठावर नाझींशी लढताना दिसला, अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. १९४१ मध्ये त्याचं स्वतंत्र मासिक निघालं. १९४२ मध्ये एव्हरेट स्वतः सैन्यात गेला आणि नेमॉर दुसऱ्या चित्रकारांच्या हाती पडला.

युद्ध संपलं, शत्रू संपला आणि खपही घसरला. १९४९ मध्ये मासिक बंद. १९५४ मध्ये ते पुन्हा सुरू केलं, एव्हरेटही परतला होता, पण १९५५ मध्ये पुन्हा कुलूप.

१९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटॅस्टिक फोर'च्या चौथ्या अंकात त्याला परत आणलं. न्यूयॉर्कच्या बावरी भागात बेघरांच्या निवाऱ्यात एक दाढीवाला बसलेला असतो, स्वतःचं नावही विसरलेला. नवा ह्यूमन टॉर्च, जॉनी स्टॉर्म, आपल्या आगीनेच त्याची दाढी उतरवतो आणि त्याला समुद्रात टाकतो. पाणी लागताच नेमॉरला सगळं आठवतं. तो घरी पोहतो. तिथे कुणीच नाही, अणुचाचण्यांनी राज्य उद्ध्वस्त केलेलं. जहाजाचे स्फोट जाऊन आता अणुबॉम्ब आला होता, आणि नेमॉर पुन्हा न्यूयॉर्ककडे वळला.