रुडी हिडेन : दोन देशांचा गोलरक्षक

१९३०च्या मे महिन्यात इंग्लंडचा फुटबॉल संघ व्हिएन्नाला गेला होता. सामना ०-० असा सुटला. इंग्लंडला गोल करता आला नाही याचे मोठे कारण ऑस्ट्रियाच्या गोलपोस्टमध्ये उभा असलेला २१ वर्षांचा पोरगा होता, रुडॉल्फ हिडेन. लोक त्याला रुडी म्हणत. ग्राझ शहरात १९०९ साली जन्मलेला हा गोलरक्षक तेव्हा व्हिएन्नाच्या वीनर एसी क्लबकडून खेळत असे. लंडनच्या आर्सेनल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांनी त्याला विकत घ्यायचे ठरवले. क्लब-क्लबमध्ये बोलणी झाली, खेळाडू तयार झाला.

पण ब्रिटनच्या कामगार मंत्रालयाने परवाना नाकारला. हिडेनला इंग्लंडमध्ये कामासाठी येऊ दिले नाही.

कारण काय दिले? तर हे काम करायला इथे ब्रिटिश माणसे आहेत. ते वर्ष महामंदीचे होते. ब्रिटनमधल्या बेरोजगारांची संख्या त्या वर्षाअखेर २० लाखांवर गेली. अशा वेळी एक परदेशी येऊन इंग्रज गोलरक्षकाची रोजी हिरावून घेणार, हा युक्तिवाद लोकांना पटकन पटतो. खेळाडूंची संघटना विरोधात होती आणि फुटबॉल लीगचे पुढारीही. लीगचे एक बडे प्रस्थ चार्ल्स सटक्लिफ यांची तक्रार तर अशी की, बाहेरचा खेळाडू आणणे हा ब्रिटिश खेळाडूंचा अपमान आहे. माझ्या मते त्यांच्या मनातले खरे दुखणे हे होते. रोजीचा मुद्दा समजू शकतो. गिरणी बंद पडलेल्या मजुराची भीती खोटी नसते. पण एका गोलरक्षकाच्या येण्याने २० लाखांपैकी कोणाची चूल पेटणार किंवा विझणार होती?

चॅपमन हट्टी गृहस्थ. त्यांनी त्याच मोसमात गेरी कायझर या डच गोलरक्षकाला हौशी खेळाडू म्हणून मैदानात उतरवले. पगार नाही, म्हणजे परवान्याचा प्रश्न नाही! यावर फुटबॉल असोसिएशनने १९३१ साली पक्का नियमच करून टाकला. परदेशी खेळाडूने आधी दोन वर्षे देशात राहिले पाहिजे, मगच त्याला खेळता येईल. आता न खेळता दोन वर्षे कोणता खेळाडू परदेशात बसून राहील? नियमात ‘बंदी’ हा शब्द कुठे नव्हता. दारावर कुलूप मात्र बसले.

हिडेन व्हिएन्नाला राहिला आणि ते ऑस्ट्रियाच्या पथ्यावर पडले. ह्यूगो माइज्ल या यहुदी प्रशिक्षकाने घडवलेला ऑस्ट्रियाचा संघ ‘वुंडरटीम’, म्हणजे चमत्कारी संघ, म्हणून ओळखला जाऊ लागला तो याच काळात. मे १९३१मध्ये त्यांनी स्कॉटलंडला ५-०ने आणि आठ दिवसांनी जर्मनीला थेट बर्लिनमध्ये ६-०ने हरवले. पुढे माथियास सिंडेलार, मागे हिडेन. डिसेंबर १९३२मध्ये हा संघ लंडनला स्टॅमफर्ड ब्रिजवर खेळायला गेला आणि ४-३ असा निसटता हरला. हिडेनसाठी हा प्रवास गमतीचा असणार. मजूर म्हणून ज्या देशात त्याला पाय ठेवता आला नव्हता, तिथे तो पाहुणा म्हणून आला होता. पाहुणा परत जातो, म्हणून त्याची कुणाला भीती वाटत नसावी.

पुढच्याच वर्षी तो पॅरिसला गेला. फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल १९३२मध्ये नुकताच सुरू झाला होता आणि तिथल्या क्लबांना बाहेरचे कसबी खेळाडू हवे होते. रेसिंग क्लबने हिडेनला घेतले. लिंझचा ऑगुस्ट योर्दान हाही त्याच क्लबात आला. १९३६ साली रेसिंगने लीग आणि फ्रेंच कप दोन्ही जिंकले. दर नोव्हेंबरला युद्धातल्या जखमींच्या मदतीसाठी एक प्रदर्शनीय सामना पॅरिसमध्ये होई. रेसिंगसमोर तिथे कोणता क्लब यायचा? आर्सेनल!

इथे थोडे विषयांतर करतो. त्याच १९३६ साली कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम ग्लासगोला सेल्टिक क्लबकडे गेला. बूट न घालता, पायाला पट्ट्या गुंडाळून तो दोन सामने खेळला आणि स्कॉटिश प्रेक्षक बघत राहिले. क्लबला तो हवा होता, पण घरच्या ओढीने तो परत आला. सलीमला प्रवेशाची अडचण नव्हती, कारण कायद्याने तो ब्रिटिश प्रजाजन होता. म्हणजे गुलामीच्या कागदावर सलीमला दार उघडे, आणि स्वतंत्र देशाच्या पासपोर्टवर हिडेनला बंद. कागदाचा न्याय असा असतो.

आणि मग तो पासपोर्टही गेला. १२ मार्च १९३८ रोजी हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. ऑस्ट्रिया हा देशच नकाशावरून पुसला गेला. संघ विश्वचषकासाठी पात्र ठरला होता. त्याचे नाव काढून घेतले आणि निवडक खेळाडू जर्मनीच्या संघात घातले. जून महिन्यात हा कलम केलेला संघ पॅरिसमध्ये पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडकडून हरला. व्हिएन्नाचा हाकोआह हा यहुदी क्लब, १९२५चा विजेता, मोडून टाकण्यात आला. त्याचा कप्तान मॅक्स शॉयर पुढे आउशवित्झमध्ये मारला गेला. सिंडेलार जानेवारी १९३९मध्ये आपल्या घरात विषारी वायूने मेलेला आढळला. अपघात की आणखी काही, हा वाद अजून मिटलेला नाही.

हिडेन यहुदी नव्हता, त्यामुळे त्याची गोष्ट या मृत्यूंच्या रांगेत बसवणे बरोबर नाही. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. ज्या वतनाचा तो होता ते उरले नव्हते. परतायचे तर जर्मन होऊन परतायचे. त्याने आणि योर्दानने फ्रेंच नागरिकत्व घेतले. योर्दान १९३८च्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळलाही.

हिडेनला मात्र थांबावे लागले. २८ जानेवारी १९४० रोजी, युद्ध सुरू झालेले असताना, पॅरिसमध्ये फ्रान्स विरुद्ध पोर्तुगाल सामना झाला. फ्रान्सच्या गोलपोस्टमध्ये हिडेन होता. फ्रान्स ३-२ने जिंकला. ऑस्ट्रियासाठी २० सामने खेळलेल्या हिडेनचा फ्रान्ससाठीचा हा एकमेव सामना ठरला. जूनमध्ये नाझी फौजा पॅरिसमध्ये आल्या. ज्यांनी त्याचा पहिला देश घेतला होता, तेच आता दुसऱ्याच्या राजधानीत होते.

युद्धानंतर तो इटलीत प्रशिक्षक म्हणून राबला, मग ऑस्ट्रियाला परतला. उतारवयात त्याचा एक पाय कापावा लागला. १९७३ साली व्हिएन्नात तो वारला. इंग्लंडच्या फुटबॉलने परदेशी खेळाडूंवरचा तो १९३१चा नियम उठवला, तेव्हा १९७८ उजाडले होते.