सिनेमातला ब्लड कॅन्सर आणि मुलांचा खरा ल्युकेमिया

भिंगारच्या माझ्या दवाखान्यात लहान मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टवरून ‘ब्लड कॅन्सर’ची शंका निघाली, की आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : “डॉक्टर, किती दिवस राहिले?” ‘उपचार काय?’ हे नंतर येतं. ही समजूत बरीचशी सिनेमाने दिली आहे.

१९७८ चा ‘अँखियों के झरोखों से’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सचिन आणि रंजिता. नायिकेला ल्युकेमिया होतो आणि ती जाते. तेव्हा आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत तसंच घडत होतं. पण जगात चित्र बदलू लागलं होतं.

इतिहास काय सांगतो?

१९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचं प्रसिद्ध केलं. हे औषध आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाने बनवलं होतं. १० मुलं सुधारली, पण आजार पुन्हा उलटला. १९६० च्या दशकात सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन आलं. (दारातल्या सदाफुलीची पानं मात्र खाऊ नका, ती विषारी असतात.) १९६२ मध्ये सुरू झालेल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र, टप्प्याटप्प्याने आणि दीर्घकाळ दिली. १९७० च्या दशकात तिथली सुमारे निम्मी मुलं बरी होऊ लागली. १९८० च्या दशकात मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही असे ठरावीक टप्प्यांचे उपचार सुरू झाले. आज श्रीमंत देशांत मुलांमधल्या नेहमीच्या प्रकारात, म्हणजे ‘एएलएल’मध्ये, सुमारे ९० टक्के मुलं बरी होतात. आपल्याकडेही वेळेत येऊन पूर्ण उपचार घेणारी बहुतांश मुलं बरी होतात.

गोष्टीत न दिसणारी दोन वर्षं

सिनेमात नाकातून रक्त येतं, चक्कर येते आणि शेवट होतो. खरं मूल पहिल्या महिन्यात स्टेरॉइडमुळे गुबगुबीत दिसतं, सारखं खायला मागतं, चिडतं. केस जातात आणि परत येतात. पाठीच्या मणक्यातून इंजेक्शनं घ्यावी लागतात. पुढे दोन ते अडीच वर्षं गोळ्या, तपासण्या, तापाची भीती आणि मधल्या काळात शाळासुद्धा.

धोका इथेच आहे. महिन्याभरात रिपोर्ट बहुधा ‘नॉर्मल’ येतो. मूल खेळू लागतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, औषधं थांबतात. पण लपलेल्या पेशी शिल्लक असतात. आजार उलटला, की तो बरा करणं खूप कठीण जातं.

कथा खरी आणि तरीही हृदयाला भिडणारी असू शकते. ‘श्वास’ (२००४) आठवा. त्यातला कॅन्सर डोळ्याचा आहे. मुलाची दृष्टी जाते, पण जीव वाचतो आणि त्याला खरं सांगितलं जातं. ल्युकेमियाच्या मुलाचीही अशी गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

तुम्ही काय कराल?

न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, कारण नसताना निळे डाग, हाडं दुखणं किंवा लंगडणं, गाठी : यांपैकी काही दिसलं तर सीबीसी करून घ्या. बहुतेकदा कारण साधंच निघतं. ल्युकेमियाच निघाला, तर तो संसर्गजन्य नाही आणि त्यात तुमची चूकही नाही. पुण्या-मुंबईला जाण्यापूर्वी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : मूल ठणठणीत दिसत असलं, तरी शेवटच्या गोळीपर्यंत उपचार सोडू नका.