टोमॅटोला खत किती द्यायचं? आधी मातीचा अहवाल बघा

ऑगस्ट 2021 मध्ये नाशिक आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. घाऊक बाजारात किलोला दोन-तीन रुपये मिळत होते. भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. खताचा खर्च मात्र बराचसा असतो, आणि तरीही तो अनेकदा शेजाऱ्याने काय टाकलं हे बघून ठरतो.

राज्यात संकरित टोमॅटोसाठी हेक्टरी 300 किलो नत्र, 150 किलो स्फुरद आणि 150 किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी हिशेब 120:60:60. हा आकडा मध्यम सुपीक जमिनीसाठी धरलेला असतो. अहवालात एखादं अन्नद्रव्य 'कमी' आलं तर त्याची मात्रा साधारण 25 टक्के वाढवतात, 'जास्त' आलं तर तेवढीच घटवतात.

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनी बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या. त्यात सहसा नत्र कमी, स्फुरद कमी ते मध्यम आणि पालाश भरपूर असतं. समजा, अहवालात नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश जास्त आलं. मग एकरी गरज 150:75:45 होते. 163 किलो डीएपीतून 75 किलो स्फुरद आणि 29 किलो नत्र मिळतं. उरलेल्या 121 किलो नत्रासाठी सुमारे 263 किलो युरिया, म्हणजे 45 किलोच्या सहा गोण्यांना थोडा कमी. तोही एकदम नाही, हप्त्यांनी. पोटॅश दोन गोण्यांऐवजी दीड गोणी पुरतं. म्हणजे अहवालामुळे खर्च दरवेळी कमीच होतो असं नाही, पण पैसा योग्य गोणीवर जातो.

सामू आणि चुनखडीचे आकडेही वाचावेत. सामू 8 च्या पुढे असलेल्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद अडकून बसतं, लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शेतकरी आणखी युरिया टाकतो. फळाचं बूड काळं पडलं की कॅल्शियमची बाटली घेतली जाते. वास्तविक अशा जमिनीत कॅल्शियमची वानवा नसते. बहुतेक वेळा पाण्याच्या पाळ्या चुकलेल्या असतात किंवा नत्र जास्त झालेलं असतं.

नमुना चुकला तर पुढचं सगळं चुकतं. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळून शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचे वीस सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. कडेची माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं नको. नमुना सावलीत वाळवावा. खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबावं. पावसाळी लागवडीसाठी एप्रिल-मे सोयीचा.

फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. पण त्या योजनेत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरमागे एक नमुना घेण्याची पद्धत ठरली. त्यामुळे पत्रिकेवरची माती शेजारच्या वावरातली असू शकते. टोमॅटोसारख्या खर्चिक पिकासाठी स्वतःच्या प्लॉटचा वेगळा नमुना कृषी विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत द्यावा.