नोकरी सांभाळून पदवी. पण फीचे काय?

दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून ‘बाहेरून’ पदवी घेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग १९७१ साली सुरू केला. दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ साली, तर नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले पुढे ‘इग्नू’चेही कुलगुरू झाले. दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी नेहमीच्या महाविद्यालयीन पदवीशी समकक्ष आहे, याचा पुनरुच्चार विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केला. परंतु पदव्यांची ही समकक्षता शिष्यवृत्ती आणि कर्जाच्या नियमांत मात्र अद्याप पूर्णपणे उतरलेली नाही. मदतीच्या बहुतेक योजना आखताना नियमकर्त्यांसमोर वसतिगृहात राहणारा, आई-वडिलांवर अवलंबून असलेला वीस वर्षांचा विद्यार्थी असतो. चाळिशीतला लिपिक किंवा मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारी गृहिणी त्या चौकटीत बसत नाही.

शिष्यवृत्ती कोणाला?

केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती हे याचे ठळक उदाहरण. दरवर्षी ८२ हजार नवे विद्यार्थी या योजनेत घेतले जातात आणि पदवीसाठी त्यांना वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पण ही योजना केवळ नियमित अभ्यासक्रमांना लागू आहे. पत्रद्वारा किंवा दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांना तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के शुल्कसवलत दिली. तीही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या मुलीने या निर्णयावर विसंबून राहू नये.

अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची भूमिका आरंभापासून अधिक उदार राहिली आहे. या योजनेच्या २०१० च्या नियमावलीत पत्रद्वारा आणि दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र उल्लेख होता. ना-परतावा शुल्काची प्रतिपूर्ती आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० रुपये अशी ती तरतूद होती. स्वतःचे आणि पालकांचे मिळून उत्पन्न मर्यादेत असेल, तर नोकरदार विद्यार्थ्यालाही शुल्काची प्रतिपूर्ती मिळू शकत असे. उत्पन्नाची मर्यादा मात्र वार्षिक अडीच लाखांची आहे, आणि शहरात बऱ्यापैकी नोकरी करणारा मनुष्य या आकड्यापाशीच अडतो. अनुसूचित जातींसाठीच्या योजनेची २०२०-२१ मध्ये फेररचना झाली असल्याने अर्ज करण्यापूर्वी ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर किंवा समाजकल्याण कार्यालयात त्या वर्षीची नियमावली पाहणे आवश्यक आहे.

प्रतिपूर्ती या शब्दाचा अर्थही नीट लक्षात घ्यायला हवा. शुल्क आधी विद्यार्थ्याने भरायचे आणि सरकारचे पैसे मागाहून खात्यात यायचे, असा हा क्रम आहे. पहिल्या हप्त्याची तजवीज त्यामुळे पदरमोड करूनच करावी लागते. या दृष्टीने ‘इग्नू’ची अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीची शुल्कमाफी अधिक उपयोगी म्हणावी लागेल, कारण तीत पैसे परत मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. विद्यापीठाने त्या सत्रासाठी जाहीर केलेल्या ठरावीक अभ्यासक्रमांनाच ही सवलत असते आणि ती एका वेळी एकाच अभ्यासक्रमासाठी घेता येते. कारागृहातील बंदी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही ‘इग्नू’ने शुल्कात सूट दिलेली आहे.

बँकेच्या दारात

शैक्षणिक कर्जाची आजची पद्धत इंडियन बँक्स असोसिएशनने आखलेल्या आणि २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांकडे पाठवलेल्या आदर्श योजनेवरून आलेली आहे. चार लाखांपर्यंत तारण नाही, अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि त्यानंतर साधारण वर्षभर परतफेडीला सवलत, पुढे दीर्घ मुदतीचे हप्ते, हा तिचा सांगाडा. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांना केंद्राच्या हमी निधीचे पाठबळ मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजना त्यापुढची पायरी ठरली. मात्र ती राष्ट्रीय मानांकनाच्या आधारे निवडलेल्या ८६० संस्थांपुरतीच जाहीर झाली होती.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला यातून कर्ज मिळेल का? याचे उत्तर बँकेगणिक बदलते. अनेक बँकांच्या योजनांत ‘पूर्णवेळ’ किंवा ‘नियमित’ हा शब्द असतो, आणि तो असेल तर पुढे काही बोलण्यासारखे उरत नाही. काही बँका विद्यापीठाची मान्यता आणि अभ्यासक्रमानंतरच्या नोकरीची शक्यता पाहून विचार करतात. शाखेत तोंडी मिळालेल्या होकारावर प्रवेश घेणे धोक्याचे आहे. मंजुरीचे पत्र हाती पडल्यावरच तो पक्का धरावा. नोकरदाराला कर्ज मिळाले, तरी परतफेडीच्या सवलतीचा त्याला फारसा लाभ नसतो. ती सवलत उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि त्या काळातही व्याजाची आकारणी चालूच असते.

मुळात कर्ज हवे का, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. मुक्त विद्यापीठांतील साध्या पदवीचे शुल्क वर्षाला काही हजारांच्या घरात असते. व्यवस्थापनासारख्या अभ्यासक्रमाला अधिक पैसे लागतात, परंतु तेही बहुधा सत्रागणिक भरायचे असतात. समजा, दोन वर्षांच्या चार सत्रांचे मिळून ६० हजार रुपये शुल्क आहे. तेवढ्याच रकमेचे १२ टक्के दराने दोन वर्षांचे कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २,८२५ रुपये पडतो आणि व्याजापोटी ७,८०० रुपयांच्या आसपास जातात. याउलट महिन्याला अडीच हजार रुपये बाजूला टाकले, तर सहा महिन्यांनी एका सत्राचे १५ हजार तयार असतात. अडचण उरते ती फक्त पहिल्या सत्राची. विद्यापीठाची सत्रपद्धती हीच बिनव्याजी हप्त्यांची सोय आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

‘शून्य व्याजा’चे गौडबंगाल

खरा धोका बँकेपेक्षा मोबाइलवर येणाऱ्या आमंत्रणांत आहे. ऑनलाइन पदवीच्या जाहिरातीखाली ‘विनाव्याज सुलभ हप्ते’ अशी ओळ असते. प्रवेशाचा म्हणून जो अर्ज भरला जातो, त्यातच एखाद्या वित्तसंस्थेचा कर्जकरार दडलेला असतो. पुढे अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते सुटत नाहीत. कारण करार विद्यापीठाशी नव्हे, वित्तसंस्थेशी झालेला असतो. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावले होते. डिजिटल कर्जांविषयीच्या २०२२ च्या नियमांनी कर्जदाराला दोन हक्क दिले. वार्षिक खर्चाचा एकूण दर सांगणारे तपशीलपत्रक त्याला कराराआधी मिळाले पाहिजे, आणि ठरावीक मुदतीत दंडाविना कर्जातून बाहेर पडण्याची मुभा असली पाहिजे. २०२५ च्या सुधारित निर्देशांतही ते कायम राहिले. हे पत्रक मागितल्यावर समोरचा टाळाटाळ करू लागला, तर काय ते समजावे.

संस्थेची मान्यता तपासणेही पैशाच्याच हिशेबात धरले पाहिजे. शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांना अभ्यासक्रम ‘फ्रँचाइझी’ने चालवण्यास देता येत नाही, असा इशारा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दिलेल्या दूरशिक्षणाच्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कुऱ्हाड चालवली, तेव्हा कित्येकांच्या बढत्यांचा पायाच गेला. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ‘डीईबी आयडी’ काढावा लागतो. त्यानिमित्ताने त्याच संकेतस्थळावर संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही मान्य आहेत ना, हे पाहता येते. संस्था मान्य, पण हवा तो अभ्यासक्रम यादीत नाही, असेही घडते.

इंग्लंडचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे २०१२ पासून अर्धवेळ आणि दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही सरकारी शुल्ककर्ज मिळू लागले. उत्पन्न ठरावीक पातळीवर गेले तरच परतफेड, अशी त्याची सौम्य अट. पण त्याच वेळी अनुदान आटले, शुल्क वाढले आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने घसरली. घर चालवणारा प्रौढ माणूस सहजासहजी कर्जाला हात लावत नाही.

प्राप्तिकराचा दिलासा

कर्ज काढलेच, तर त्यावरील व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सोय १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ‘८० ई’मध्ये करण्यात आली. पूर्वी ती पूर्णवेळ आणि मोजक्याच विद्याशाखांच्या शिक्षणापुरती होती. २००९ च्या वित्त कायद्याने ती बारावीनंतरच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला खुली केली. वजावट केवळ व्याजाची, कमाल आठ वर्षे. कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी असावे आणि ते बँक, वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेकडूनच घेतलेले असावे. मेहुण्याकडून किंवा मालकाकडून घेतलेले चालत नाही. नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांना ही वजावट नाही. शैक्षणिक शुल्कावरील ‘८० सी’ची सवलत मात्र दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणापुरतीच ठेवली गेली. नोकरी करून स्वतःच्या पदवीसाठी भरलेली फी तीत कधीच बसली नाही.