सेंद्रिय युरिया

"आबा, युरिया सेंद्रिय असतो," दहावीतल्या पुतणीनं ओसरीवरून जाहीर केलं, आणि आमचे वडील हसून बेजार झाले. चार वर्षं झाली, त्यांनी सेंद्रिय ऊस पिकवायचा चंग बांधलाय; युरियाचं पोतं त्यांना दारातही चालत नाही. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होती.

सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, इंद्रियांसह असलेलं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सचेतन द्रव्याला सेंद्रिय आणि अचेतनाला निरिंद्रिय म्हटलंय. 'ऑरगॅनिक'साठी मराठीत हाच शब्द कामाला आला आणि चपखल बसला, कारण तिकडेही 'ऑर्गन' म्हणजे इंद्रियच. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या काळी समजूत होती, की असे पदार्थ सजीवाच्या देहातच, जीवनशक्तीच्या जोरावर तयार होतात. काचपात्रात ते जमायचं नाही.

1828 मध्ये फ्रीडरिश व्होलर अमोनियम सायनेट करायला गेला आणि हाती आले युरियाचे पांढरे स्फटिक. अणू तेच: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. नुसती मांडणी बदललेली. त्यानं बर्झेलियसला पत्रानं कळवलं, की मूत्रपिंडाची गरज न पडता मला युरिया करता येतो. मराठीत ही खोच नेमकी लागते. मूत्रपिंड हे इंद्रियच की! म्हणजे इंद्रियाविना सेंद्रिय. जीवनशक्तीची कल्पना काही त्या एका दिवसात मेली नाही; शब्दाची वीण मात्र तिथून उसवायला लागली.

शाळेच्या पुस्तकात आता धड्याचं नाव 'कार्बनी संयुगे' आहे. नाव प्रामाणिक, पण निर्दोष नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन असूनही या पंगतीत त्याचं पान मांडत नाहीत. आणि कारखान्यात युरिया बनतो तो अमोनिया आणि याच कार्बन डायऑक्साइडपासून!

कार्बनचं मूळ लॅटिन 'कार्बो', म्हणजे कोळसा. मराठीनं त्याला घासूनपुसून 'कर्ब' केलं आणि त्यातून माझा लाडका शब्द निघाला: कर्बोदक. कर्ब अधिक उदक. चंचुपात्रातल्या साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतलं की ती पिवळी पडते, मग तपकिरी, मग काळीठिक्कर होऊन वाफा सोडत वारुळासारखी फुगत वर येते. साखरेच्या रेणूत 12 कार्बन, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन बरोबर पाण्याच्या 11 रेणूंपुरते. उदक गेलं, कर्ब राहिला. शब्दाची फोड अशी डोळ्यांदेखत क्वचितच होते.

परवा आबांच्या माती परीक्षणाचा कागद आला. त्यावर 'सेंद्रिय कर्ब'. पुतणीनं लगेच पकडलं, "कर्ब म्हणजे कार्बनच ना? मग वर आणखी सेंद्रिय कशाला?"

"अगं, आपल्या रानात चुनखडी आहे, तिच्यातही कर्ब असतो," आबा म्हणाले. "तो यात धरत नाहीत. हा पाचटाचा, शेणखताचा."